दुतोंड्या मारुती आणि ‘वॉज’ची भानगड

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की सरकारी माणसं क्युसेकमध्ये बोलतात. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, होळकर पुलाखालून इतके क्युसेक वाहतायत. नाशिककर ते ऐकून घेतो आणि विचारतो, “ते राहू दे हो, मारुतीच्या कुठवर आलंय?”

हा मारुती म्हणजे गंगाघाटावरचा दुतोंड्या मारुती. (नाशिकमध्ये गोदावरीला सरळ ‘गंगा’ म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलं.) चांगला उंचापुरा, पुढून बघा नाहीतर मागून, तोंड आहेच! पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागतात. कमरेला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार सावध होतात. छातीला लागलं की निम्मं गाव पूर बघायला निघतं आणि पोलिसांच्या शिट्ट्या सुरू होतात. आजी-आजोबांच्या तोंडी १९६९ चा पूर असतो, तुमच्या दादा-ताईंच्या तोंडी २०१९ चा. प्रत्येक पिढीला आपलाच पूर सगळ्यात मोठा वाटतो, ते सोडा.

आपल्याला आज पुराचं पाणी मोजायचं नाही. पुराची बातमी एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना भाषेत काय गंमत होते, ती पाहायची आहे.

समजा, तुमची आजी पंचवटीत राहते आणि तुम्ही कॉलेज रोडला. दुपारी बारा वाजता आजीचा फोन येतो, “अगं बाई, पाणी चढतंय!” संध्याकाळी बाबा कामावरून येतात. तुम्ही त्यांना सांगता, “बाबा, आजी म्हणाली पाणी चढतंय.”

आजी काय बोलली होती? पाणी चढतंय. तुम्ही काय सांगितलंत? पाणी चढतंय. अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

रात्री इंग्लंडमधल्या चुलतभावाचा व्हिडिओ कॉल येतो. तो तिकडेच वाढलेला, त्याचं मराठी जेमतेम ‘आजी, लाडू’ इतकंच. त्याला तुम्ही इंग्रजीत सांगता आणि तिथे वाक्य पालटतं: “आजी सेड द वॉटर वॉज राइजिंग.”

‘वॉज’! हा कुठून आला? आजीच्या बोलण्यात तर तो नव्हता. ती घाटाजवळ उभी राहून समोर चढणारं पाणी बघत होती. तिच्यासाठी तो वर्तमानकाळ होता, अगदी ताजा. मग भूतकाळ कुणी घुसवला?

तो घुसवला ‘सेड’ने. या वाक्यात दोन वाक्यं आहेत. ‘आजी सेड’ हे मुख्य, आणि ‘द वॉटर वॉज राइजिंग’ हे त्याच्या पोटातलं, म्हणजे गौण वाक्य. रोजच्या इंग्रजीत मुख्य वाक्याचं क्रियापद भूतकाळात गेलं की पोटातलं क्रियापदही सहसा एक पाऊल मागे सरकतं. ‘इज’चा ‘वॉज’ होतो, ‘विल’चा ‘वुड’, ‘कॅन’चा ‘कुड’, ‘हॅज रीच्ड’चा ‘हॅड रीच्ड’. हे जवळजवळ आपोआप होतं. इंग्रजी बोलणारी मुलं त्यासाठी नियम घोकत नाहीत, जसं तुम्ही ‘मुलगा आला, मुलगी आली’ म्हणताना काही घोकत नाही.

शाळेत याला ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हणतात आणि त्याला दोन-तीन मार्क असतात. व्याकरणवाले याला ‘सीक्वेन्स ऑफ टेन्सेस’ म्हणतात, म्हणजे काळांची रांग: पुढचा जिकडे, मागचा तिकडे. लॅटिनमध्येही असल्या रांगेचे नियम होते, आणि तेही चांगलेच किचकट.

आता खरी मजा इथे आहे. तो ‘वॉज’ भूतकाळ दाखवतच नाही! निदान आपल्याला वाटतो तसा तरी नाही. इंग्रज सांगतो तेव्हा तो स्वतःच्या जागेवरून हलत नाही. रात्री आठ वाजता तो आपल्या घरात उभा आहे, आणि तिथून त्याला आजीचं बोलणंही मागे दिसतं, आजीचं पाणीही मागे दिसतं. म्हणून दोघांनाही भूतकाळाचा शिक्का. मराठी माणूस मात्र ‘आजी म्हणाली’ असं म्हणून उठतो, थेट दुपारच्या बारा वाजता घाटावर जाऊन आजीच्या शेजारी उभा राहतो आणि तिच्या डोळ्यांनी सांगतो, “पाणी चढतंय.” आपण एका वाक्यात केवढा प्रवास करतो, आणि रिक्षाभाडंही पडत नाही.

हे फक्त मराठीत होतं असं नाही बरं का. हिंदीतही ‘उसने कहा कि मैं आ रहा हूँ’ असंच चालतं. संस्कृतात बोललेले शब्द जसेच्या तसे ठेवून शेवटी ‘इति’ लावायचे, झालं काम. आपण तेच ‘म्हणून’ लावून करतो: ‘येते म्हणून सांग तिला.’ हैदराबादकडच्या दखनीत ‘बोलके’ हा शब्द हेच काम करतो. जपानी आणि रशियन या भाषा तर आपल्यापासून किती लांब, पण ‘तो म्हणाला’च्या पोटात वर्तमानकाळ ठेवायची सवय त्यांनाही आहे. तेव्हा काळांची रांग लावणारी इंग्रजी म्हणजे सगळं जग नव्हे. परीक्षेत मात्र तिच्याच मनासारखं लिहावं लागतं, त्याला इलाज नाही.

आता एक बारीक प्रश्न. “आजी सेड शी वॉज सिक.” याचा अर्थ काय?

एक अर्थ: आजी फोनवर म्हणाली, “मी आजारी आहे.” दुसरा अर्थ: आजी म्हणाली, “मी आजारी होते, गेल्या आठवड्यात. आता बरी आहे.” इंग्रजी वाक्य दोन्हींसाठी तेच! पहिल्या अर्थाने ऐकलंत तर तुम्ही डबा घेऊन पंचवटीला धावाल, दुसऱ्या अर्थाने ऐकलंत तर घरीच बसाल. इंग्रज कसं ओळखतो? बहुतेक वेळा मागच्या-पुढच्या बोलण्यावरून. आणि गोंधळ नकोच असेल तर तो ‘शी हॅड बीन सिक’ म्हणतो, म्हणजे आजीच्या फोनच्याही आधीची गोष्ट. मराठीत हा घोळ होतच नाही. ‘आजी म्हणाली आजारी आहे’ आणि ‘आजी म्हणाली आजारी होते’, दोन वाक्यं, दोन अर्थ, मोकळं.

पण फार फुशारकी मारू नका. आपलाही एक घोळ आहे आणि तो भारी आहे.

हे वाक्य मोठ्याने म्हणा: “आई म्हणाली मी येते.” कोण येते? हे वाक्य एखाद्या मुलाने म्हटलं तर प्रश्न नाही. मुलगा स्वतःबद्दल बोलताना ‘येतो’ म्हणतो. ‘येते’ म्हणाला म्हणजे हे आईचे शब्द, येणारी आई. पण हेच वाक्य मुलीने म्हटलं तर? आईही ‘येते’ म्हणते, मुलगीही ‘येते’ म्हणते. आई येणार आहे, की मुलगी येणार आहे असं आई कुणाला तरी सांगून बसली आहे? आवाजाच्या हेलावरून आणि प्रसंगावरून आपल्याला कळतं, पण नुसत्या वाक्यावरून कळत नाही. म्हणजे ‘मी’ कोण, याचा उलगडा एका ‘तो’ किंवा ‘ते’वर! घरात करून पाहा. भाऊ-बहिणीने पाळीपाळीने हेच वाक्य म्हणायचं आणि तिसऱ्याने ओळखायचं.

इंग्रजीत ‘मी’ जागेवर राहत नाही, तोही बदलतो: “आई सेड शी वॉज कमिंग.” आपल्याकडची मुलं इंग्रजी बोलायला लागली की मराठीतला ‘मी’ तसाच उचलून नेतात आणि म्हणतात, “आई सेड आय ॲम कमिंग.” ऐकणारा साहेब दार उघडून तुमची वाट बघत बसतो, कारण त्याच्या दृष्टीने ‘आय’ म्हणजे बोलणारा, म्हणजे तुम्ही. आई तिकडे बाहेर ताटकळते!

‘उद्या’चंही तेच. रविवारी आजी म्हणाली, “उद्या येते.” बुधवारी तुम्ही कुणाला तरी सांगताय, “रविवारी आजी म्हणाली उद्या येते, पण आलीच नाही.” हा ‘उद्या’ म्हणजे सोमवार हे सगळ्यांना कळतं, कारण आपण रविवारी जाऊन उभे राहिलेलो असतो. इंग्रजीत बुधवारी ‘टुमॉरो’ म्हटलं तर गुरुवार होईल. म्हणून ‘द नेक्स्ट डे’ म्हणायचं: “आजी सेड शी वुड कम द नेक्स्ट डे.”

तुमच्यातल्या एखाद्या चौकस वाचकाने एव्हाना हात वर केला असेल. “पण मी इंग्रजी सिनेमात ‘ही सेड ही इज कमिंग’ असं ऐकलंय. तिथे कुठे ‘वॉज’ होता?”

शाबास! तोही प्रकार आहे, आणि इथेच आपल्या दुतोंड्याला पुन्हा बोलवावं लागतं. इंग्रजीत मुख्य क्रियापद ‘सेड’ असूनही पोटातलं क्रियापद ‘इज’ ठेवता येतं. पण तो ‘इज’ दुतोंड्या मारुतीसारखा असतो. त्याचं एक तोंड आजीच्या फोनकडे, दुसरं तुमच्या आत्ताच्या क्षणाकडे. आजी बोलली तेव्हाही पाणी चढत होतं आणि तुम्ही सांगताय तेव्हाही ते चढतंच आहे, असं असेल तरच “आजी सेड द वॉटर इज राइजिंग” हे वाक्य शोभतं. भाषेचा अभ्यास करणारे याला ‘डबल ॲक्सेस’ म्हणतात. मला दुतोंड्या मारुती हे नाव जास्त आवडतं, पण मला कोण विचारतो!

याची परीक्षा घ्यायला सोपं वाक्य आहे. “गेल्या वर्षी आजी म्हणाली पाणी चढतंय.” मराठीत काही खटकतंय? नाही. आता इंग्रजीत: “लास्ट इयर आजी सेड द वॉटर इज राइजिंग.” इंग्रजाच्या कपाळावर आठी पडेल. वर्षभर पाणी चढतंय? मग ते आता मारुतीच्या कुठवर असेल, घाटावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेच्याही वर गेलं असेल की! तिथे त्याला ‘वॉज’च हवा.

एकदा ही दोन तोंडं ध्यानात आली की शाळेतला एक नियमही जरा वेगळा दिसतो. पुस्तकात असतं की त्रिकालाबाधित सत्य असेल तर काळ बदलायचा नाही: “सर सेड द अर्थ गोज राउंड द सन.” पृथ्वी तेव्हाही फिरत होती, आत्ताही फिरतेय, दोन्ही तोंडं खूश. पण पुस्तक एवढंच सांगून थांबतं आणि मुलांना वाटतं, इथे काळ बदलला तर आकाश कोसळेल. रोजच्या बोलण्यात कुणी ‘सर सेड द अर्थ वेंट राउंड द सन’ म्हणालं म्हणून पृथ्वी थांबत नाही, आणि ते चुकीचंही नाही. रांगेची सवय इतकी पक्की आहे की खरी गोष्टसुद्धा कधीकधी तिच्या मागे ओढली जाते.

याच्या उलट उदाहरण बघा. पूर्वी पुष्कळ लोकांना वाटायचं की पृथ्वी सपाट आहे. मराठीत आपण बिनधास्त ‘आहे’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही असं वाटत नाही की बोलणाऱ्याचाही तसा विश्वास आहे. इंग्रजीत बहुतेक जण म्हणतील, “पीपल थॉट द अर्थ वॉज फ्लॅट.” आता हा ‘वॉज’ बघा. पृथ्वी आधी सपाट होती आणि मग कधीतरी कुणी फुगवली, असा त्याचा अर्थ नाही. ‘थॉट’ मागे गेला म्हणून तोही मागे गेला. पृथ्वीचा आणि त्या भूतकाळाचा काही संबंधच नाही!

मुख्य क्रियापद भूतकाळात नसेल तर ही सगळी सरकासरकी बंद. इंग्रजी वर्तमानपत्रांचे मथळे बघा. तिथे ‘सेज’ असतं, ‘सेड’ नाही, त्यामुळे पुढे ‘विल’ सुखाने ‘विल’च राहतो. मिनिस्टर सेज द रोड विल बी रेडी. रस्ता होतो की नाही हा व्याकरणाचा प्रश्न नाही.

तुमचे आई-बाबा मराठी शाळेत शिकले असतील तर त्यांचं इंग्रजी बहुधा पाचवीत सुरू झालं असेल. आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या: मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं परत मराठी. आजोबांच्या कपाटात ती पुस्तकं अजून असतील, बघा. त्या पद्धतीला हल्ली लोक नाकं मुरडतात. पण एक गोष्ट खरी, ‘म्हणाला की’ असं वाक्य उलटंपालटं करताना दोन भाषा दोन वेगळ्या जागी उभ्या राहून बोलतात हे जितकं लख्ख कळतं, तितकं नुसतं इंग्रजी ऐकून कळायला बराच वेळ लागतो.

आता भूतकाळाचा आणखी एक अवतार. “इफ आय हॅड अ बोट, आय वुड गो टू आजीज हाउस.” इथे ‘हॅड’ आहे. म्हणजे माझ्याकडे पूर्वी होडी होती का? छे! होडी नाहीच, आत्ताही नाही, म्हणून तर ‘हॅड’. “आय विश आजी वॉज हिअर” म्हणजे आजी इथे होती असं नव्हे, आजी इथे नाही, असती तर बरं झालं असतं. “इट्स टाइम वी वेंट होम” म्हणजे आपण घरी गेलो असं नव्हे, अजून इथेच बसलोय आणि आता उठायला हवं. कॅलेंडरशी काही देणंघेणं नाही. इथे भूतकाळाचं रूप ‘पूर्वी’ नव्हे तर ‘लांब’ दाखवतं, खऱ्यापासून लांब, हाताशी नसलेलं. पोटातल्या वाक्यात शिरलं की इंग्रजी भूतकाळ असा वेष पालटतो.

हे वाचून “काय विचित्र भाषा आहे!” असं तुमच्या मनात आलं असेल, तर थांबा. घरात कुणी हाक मारली, “जेवायला ये रे!” की तुम्ही काय ओरडता? “आलोच!” आलात का? नाही. अजून मोबाइल हातात आहे, बूड हललेलं नाही, आणि भूतकाळ मात्र ठणठणीत. धाकटा भाऊ खुर्चीच्या टोकावर उभा राहिला की आई ओरडते, “पडला, पडला!” तो अजून उभाच असतो, आणि आईचं ऐकून दचकतो तेव्हा कुठे पडतो. मराठीत भूतकाळाचं रूप ‘होऊन गेलं’ इतकंच सांगत नाही. ‘झालंच म्हणून समज’ हेही सांगतं.

आणि पोटातल्या वाक्यात तर आपण यात उस्ताद आहोत. ‘पाऊस आला तर मॅच होणार नाही.’ पाऊस आला आहे का? आकाश निरभ्र आहे! तरी ‘आला’. ‘चहा झाला की निघू.’ चहा अजून चुलीवर आहे. ‘पाणी ओसरलं की घाटावर जाऊ.’ पाणी मारुतीच्या कमरेला आहे आणि आपण म्हणतो ‘ओसरलं’! बिचारा इंग्रज मराठी शिकायला बसला तर इथे डोकं धरून बसेल. त्याच्याकडे अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळ असतो: ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन द वॉटर गोज डाउन’. तो म्हणेल, न आलेल्या पावसाला तुम्ही ‘आला’ कसं म्हणता? तुम्ही त्याला विचारा, चढणाऱ्या पाण्याला तुम्ही ‘वॉज’ कसं म्हणता? मग दोघं मिळून मिसळ खायला जा.

एक खेळ सांगतो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, तिथून किंवा तुमच्या शाळेच्या कपाटातून मुलांसाठीचं एखादं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक आणा. त्यात ‘सेड’, ‘थॉट’, ‘न्यू’, ‘टोल्ड’ हे शब्द शोधायचे आणि त्यांच्या पोटात कुठलं क्रियापद बसलंय ते बघायचं. अवतरणचिन्हातलं सोडून द्या, तिथे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे असतात. बाकीच्या प्रत्येक क्रियापदाला विचारायचं: तू खरंच भूतकाळ आहेस, की नुसता रांगेत उभा आहेस? मग तेच वाक्य मराठीत सांगून पाहायचं. रांगेतला असेल तर मराठीत त्याचा झटकन ‘आहे’, ‘येतो’, ‘चढतंय’ असा काहीतरी होईल. खरा असेल तर ‘होता’ राहील. ‘थॉट’ला जास्त मजा येते, कारण माणसं मनात काय काय चुकीचं धरून बसतात.

आणि हे एक जाता जाता. “बाबा सेड ही वुड टेक अस टू द घाट व्हेन द वॉटर वेंट डाउन.” क्रियापदं मोजा: ‘सेड’, ‘वुड टेक’, ‘वेंट’. तिघांच्याही अंगावर भूतकाळाचे कपडे. मराठीत: “बाबा म्हणाले, पाणी ओसरलं की तुम्हाला घाटावर नेईन.” इथे ‘म्हणाले’ आणि ‘ओसरलं’ भूतकाळासारखे दिसतात. यातल्या किती गोष्टी नक्की घडल्या हे नुसत्या वाक्यावरून सांगता येतं का? फक्त एक. बाबा म्हणाले. पाणी ओसरलं का, हे घाटावर फोन करून विचारा. आणि नेणार कधी, हे बाबांना.